जुन्या स्पिंडल मोल्डरचे सुटे भाग शोधताना या चुका टाळा

कारखाना बंद पडताना विकायला निघालेले लाकूडकामाचे स्पिंडल मोल्डर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या उभ्या दांड्यावर (स्पिंडलवर) कटर फिरवून लाकडाला आकार देणारे यंत्र, बऱ्याचदा पडत्या भावात मिळते. त्याचे बिडाचे टेबल पुढच्या पिढीलाही पुरेल इतके भक्कम असते. झिजतात ती बेअरिंगे, पट्टा, स्पिंडलचा नट आणि गाईडचे स्क्रू. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली असली, तरी यांतील बहुतेक भाग आजही बाजारात मिळतात. अडचण येते ती मागण्याच्या पद्धतीमुळे.

पहिली चूक नावाची. इंग्रजी माहितीपत्रकात या यंत्राला शेपर म्हटलेले असते, म्हणून आपणही मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन ‘शेपरचे पार्ट’ मागतो. आपल्याकडे मशीन शॉपमध्ये शेपर म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या रॅमचे, लोखंड तासणारे यंत्र, आणि दुकानदार त्याच यंत्राचे भाग दाखवू लागतो. म्हणून ‘लाकडाचे स्पिंडल मोल्डर’ असे स्पष्ट सांगावे. त्याहून चांगले म्हणजे यंत्राचे नाव बाजूला ठेवून भागाचा नंबर आणि माप सांगावे, कारण बेअरिंग आणि पट्टा हे प्रमाणित मापांचे असतात आणि ते कोणत्या यंत्रात बसणार आहेत याच्याशी विक्रेत्याला काही कर्तव्य नसते.

दुसरी चूक माझ्या हातून घडली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. स्पिंडलची बेअरिंगे काढल्यावर मी त्यांची मापे घेतली. आतला व्यास 30, बाहेरचा 62 आणि रुंदी 16 मिलिमीटर भरली, आणि ही मापे 6206 नंबरच्या बेअरिंगची असल्याचे मला पाठ असल्याने जुनी बेअरिंगे मी भंगाराच्या डब्यात टाकली. नवी बेअरिंगे अगदी नेमकी बसली. परंतु यंत्र सुरू करून पंधरा मिनिटे होतात न होतात तोच हाऊसिंगवर (बेअरिंगांच्या घरावर) हात ठेवणे अशक्य झाले आणि खालून वर दाबले असता स्पिंडल किंचित उचलला जाऊ लागला. डब्यातून जुनी बेअरिंगे काढून रॉकेलने पुसली, तेव्हा कडेच्या पृष्ठभागावर 7206 हा कोरलेला नंबर दिसला. दोन्हींची बाहेरची मापे तंतोतंत सारखीच आहेत. पण 6206 हे साधे, तर 7206 हे अँग्युलर कॉन्टॅक्ट, म्हणजे तिरक्या संपर्काचे बेअरिंग असून ते उभ्या दिशेचा भार एका बाजूने पेलते, त्यामुळे त्याची जोडी एकमेकींकडे पाठ करून की तोंड करून बसवली होती, हे उघडतानाच टिपून ठेवावे लागते. शिवाय मी आणलेल्या बेअरिंगांना 2आरएस, म्हणजे घासणारी रबरी सील होती. वेगाने फिरणाऱ्या स्पिंडलमध्ये अशी सील उष्णता वाढवते आणि त्या बेअरिंगाची वेगमर्यादा पत्र्याच्या झेडझेड शील्डपेक्षा बरीच कमी असते. तेव्हा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घ्यावा, हाऊसिंग उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढावा आणि नवा भाग बसून यंत्र दोन-चार दिवस चालल्याशिवाय जुना भाग टाकू नये.

जुन्या ब्रिटिश किंवा अमेरिकन यंत्रांत इंची मापे निघतात. शाफ्ट 25.4 मिलिमीटर भरला, तर तो 25 चे बेअरिंग बसेपर्यंत एमरी पेपरने घासू नये, कारण हाताने घासलेला शाफ्ट गोल राहत नाही. इंची बेअरिंगे आजही मिळतात. आट्यांचेही तसेच आहे: व्हिटवर्थ या ब्रिटिश पद्धतीच्या अर्धा इंची बोल्टला इंचात 12 आटे असतात, तर यूएनसी या अमेरिकन पद्धतीच्या बोल्टला 13. चुकीचा नट दोन-तीन आटे सहज चढतो आणि मग अडकतो, तेव्हा पाना लावून जोर देण्याऐवजी आटे ओळखणारा थ्रेड गेज लावावा.

सर्वांत गंभीर चूक कटरच्या भोकाची आहे. युरोपीय स्पिंडल बहुधा 30 मिलिमीटरचा, तर सव्वा इंची स्पिंडल 31.75 चा असतो. सव्वा इंची भोकाचा कटर स्वस्तात मिळाला, म्हणून 30 च्या स्पिंडलवर पत्र्याची पट्टी गुंडाळून तो बसवल्याचे मी पाहिले आहे. असा कटर मध्यावर राहत नाही आणि थरथरून नट सैल करतो. येथे अचूक घासलेली बुश (मधली नळी) टर्नरकडून करून घ्यावी किंवा तो कटर घेऊच नये. कटर आणि नट यांच्यामधील खाचेत अडकणारा वॉशर हरवला असेल, तर त्याजागी साधा वॉशर कधीही चालवू नये. कटरची फिरकी नटापर्यंत पोहोचू न देणे हे त्या वॉशरचे काम असते.

मोटर बदलताना केवळ हॉर्सपॉवर पाहणेही महागात पडते. पुली तशीच ठेवून मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या मोटरजागी 2880 ची लावली, तर 6000 ने फिरणारा स्पिंडल 12000 ने फिरू लागतो, आणि 150 मिलिमीटर व्यासाच्या कटरची कड सेकंदाला 94 मीटर वेग गाठते. कटरवर कोरलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी वाचावी. पट्ट्याचे काम तुलनेने सोपे आहे: ए सेक्शनची रुंदी 13 आणि बी ची 17 मिलिमीटर असते, आणि पट्ट्यावर या अक्षरापुढे छापलेला आकडा बहुधा इंचांतली लांबी सांगतो.

फेन्सचा (लाकूड टेकवून सरकवण्याच्या आडपट्टीचा) किंवा टेबल-रिंगचा (स्पिंडलभोवती टेबलात बसणाऱ्या कडीचा) तुटलेला बिडाचा भाग फाउंड्रीत दिला जातो, तेव्हा तोच तुकडा जोडून नमुना म्हणून वापरला, तर नवा भाग मीटरला सुमारे 10 मिलिमीटर या प्रमाणात लहान होतो, कारण बीड थंड होताना आकसते. नमुना (पॅटर्न) तेवढा मोठा करावा आणि मशीनिंगसाठी वेगळी जादा जाडी ठेवावी.

सर्व भाग बसल्यावर कटर न लावता बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा डायल गेज स्पिंडलला टेकवून तो हाताने फिरवावा. काटा 0.03 मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर मोटर सुरू न करता हाऊसिंग पुन्हा उघडावे.