विष्णुक्रांता ओळखायची कशी? निळं दिसलं की झालं असं नाही

माळावर बारकं निळं फूल दिसलं की लोक वरून एक फोटो मारतात आणि ग्रुपवर टाकतात, मग खाली तीन जण तीन नावं सांगतात. रंगावर जाऊच नका, आधी खाली बसा.

विष्णुक्रांता म्हणजे एव्होल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. मुरमाड माळ, टेकडीचा उघडा उतार, पानगळीच्या जंगलाची गवताळ कड, अशा जागी पावसाळ्यापासून थंडीपर्यंत बघायची, दाट सावलीत शोधू नका. आणि जायचं ते सकाळी, कारण दुपारपर्यंत फुलं मिटतात. कूळ गारवेलीचंच पण ही कशाला गुंडाळत नाही, एका मुळातून बारीक फांद्या जमिनीलगत चहूकडे पसरतात. पानं एक-दोन सेंटीमीटर, लांबट, देठ जवळजवळ नाहीच, आणि पानाफांद्यांवर रेशमी लव असते, तिरप्या उन्हात ती चमकते, मला तर लांबून आधी तीच दिसते.

आता फूल. जेमतेम सेंटीमीटरभर, पाच पाकळ्या वाटतात पण असतात जोडलेल्या, पानाच्या बगलेतून केसासारखा बारीक देठ निघतो त्यावर एकटंच किंवा दोन-तीन. खरी खूण मध्यभागी आहे, भिंग लावा नाहीतर मोबाईलने क्लोजअप घ्या: परागवाहिन्या (स्त्रीकेसराचे बारीक दांडे) दोन आणि प्रत्येकीला पुढे दोन फाटे, म्हणजे एकूण चार धागे दिसतात. हे दिसलं, लव दिसली, वेल नाही, मग वाद संपला.

घोळ कुठे होतो? केनाचं फूलही निळं, पण ते होडीच्या आकाराच्या हिरव्या आवरणातून बाहेर येतं आणि पानाच्या शिरा समांतर, लगेच कळतं. शंखपुष्पी या नावाने तर आनंदच आहे, कोणी विष्णुक्रांतेला म्हणतं, कोणी पांढऱ्या-गुलाबी फुलाच्या कॉन्व्हॉल्व्ह्युलसला, कोणी चक्क गोकर्णाला, त्यामुळे काष्ठौषधीवाल्याच्या पुडीवरचं नाव वाचून फूल ठरवू नका. लॉनमध्ये गोल पानांची, पांढऱ्या फुलांची, पेरापेराला मुळं फुटणारी दिसली तर ती हिचीच परदेशी बहीण, अमेरिकेतून आलेली. आणि नर्सरीत ब्लू डेझ म्हणून कुंडीत मिळते ती ब्राझीलकडची, फूल जवळपास दुप्पट.

फोटो टाकायचाच तर तीन टाका, फुलाचा समोरून, पानाच्या मागच्या बाजूचा आणि अख्ख्या झाडाचा. उपटू मात्र नका, मूळ बघायची काही गरज पडत नाही.