विंबी, कोदो, मडुवा: आपला व्हिडिओ परभाषकांपर्यंत नेताना

कणकवलीजवळच्या आमच्या घरातून मी सासूबाईंच्या हातच्या नाचणीच्या पदार्थांचे व्हिडिओ करते. भाकरी, आंबील, पेज, सत्त्व, लाडू. बोलतात त्या, तेही मालवणीत. मी कॅमेरा धरते आणि मधेमधे विचारते. पहिली दोन वर्षं बघणारे सगळे आपलेच होते, मुंबईचे, पुण्याचे, थोडे गोव्याचे. मग एक दिवस भाकरीच्या व्हिडिओखाली केनियातल्या एका बाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे पीठ आमच्या विंबीसारखं दिसतंय. तेच आहे का?"

तेच होतं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आपल्या डोंगरउतारांवर रुजली. म्हणजे त्या बाई आपल्याच धान्याबद्दल बोलत होत्या आणि आमच्या व्हिडिओतलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. हात बघून त्यांनी ओळखलं होतं. त्या दिवसापासून मी हे काम मनावर घेतलं. तीन वर्षांत जे हाताशी आलं ते इथे लिहिते. माझी उदाहरणं स्वयंपाकाची आहेत, पण तुम्ही शिवणकाम शिकवत असा, शेती दाखवत असा किंवा तबला, रीत तीच.

सुरुवात भाषांतरापासून करू नका. आधी बघा की कोण येतंय. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे आपला चॅनल सांभाळायच्या पानावर, ॲनालिटिक्समध्ये प्रेक्षकांचे देश दिसतात आणि ते सबटायटल कुठल्या भाषेत लावतात तेही दिसतं. माझ्याकडे देशांत नेपाळ आणि भाषांत कन्नड निघाली, ज्यांचा मी विचारच केला नव्हता. मी सरळ स्पॅनिश आणि फ्रेंच करायच्या बेतात होते, कारण त्या 'मोठ्या' भाषा. ते केलं असतं तर सगळी मेहनत वाया गेली असती. जो माणूस आधीच दारात उभा आहे त्याची भाषा पहिली.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला मी सगळ्यात जास्त वेळ देते: त्या माणसाच्या घरातला शब्द शोधणं. एक वही करा. डाव्या बाजूला आपला शब्द, पुढे रकाने. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर नाचणी आहे. हिंदीत रागी, पण उत्तराखंडात मडुवा. कन्नडमध्ये रागी, तेलुगूत रागुलु, ओडियात मांडिया, सिंहलीत कुरक्कन, इथिओपियात दागुसा. स्वाहिली एकच भाषा, पण केनियात विंबी आणि टांझानियात उलेझी. इंग्रजी पुस्तकी नाव फिंगर मिलेट. आणि नेपाळीत कोदो.

या कोदोपाशी मी अडकले होते. हिंदीत कोदो म्हणजे वेगळंच धान्य, आपला कोद्रा, ज्याला कोकणात हरीक म्हणतात. नेपाळीत मात्र कोदो म्हणजे नाचणी, ज्याच्या पिठाचा ते ढिंडो करतात. दोन्ही भाषा देवनागरीत लिहितात, शब्द अक्षरशः तोच. मी नेपाळी मथळ्यात 'रागी' टाकलं होतं आणि शोधणाऱ्याला तो व्हिडिओ सापडत नव्हता. उलट हिंदी वर्णनात कोणाच्या सांगण्यावरून 'कोदो' टाकलं, तेव्हा मध्य प्रदेशातल्या एका प्रेक्षकाने लिहिलं की ताई, हे कोदो नाही, तुम्ही लोकांची दिशाभूल करताय. त्यांचं बरोबर होतं. आता मी कुठलाही शब्द वहीत पक्का करण्याआधी तो त्या लिपीत टाकून चित्रं शोधते. चित्रात तांबूस, मोहरीएवढे दाणे आले तरच शब्द खरा. नंतर ती भाषा घरात बोलणाऱ्या एका माणसाला विचारते. शब्दकोश तिसऱ्या नंबरला.

भाषांतराच्या यंत्रावर सरळ विसंबलात तर आपले घरगुती शब्दच आधी बुडतात. आमच्या एका व्हिडिओत 'पेज' हा शब्द नऊ वेळा होता. इंग्रजीत नऊही वेळा तो पुस्तकाचं पान झाला. 'नाचणी'ची नाचणारी बाई झाली. 'सत्त्व' हे तत्त्वज्ञानातलं काहीतरी झालं. आणि मराठीतलं 'पीठ' हिंदीत तसंच ठेवलं तर ती पाठ होते, तिथे 'आटा'च हवा. यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. मी वापरते, कच्च्या खर्ड्यासाठी. पण आधी मराठी मजकुरातच असे शब्द उकलून लिहिते: 'नाचणीची पेज' ऐवजी 'नाचणीच्या पिठाची पातळ, पिण्याजोगी पेज'. यंत्रालाही कळतं आणि परक्या माणसालाही.

आता चित्रीकरण. परभाषकांसाठीची निम्मी तयारी इथेच होते, नंतर नाही.

खालच्या पट्टीत काही लिहू नका. सबटायटल तिथेच येतात. मी आधी साहित्याची नावं मराठीत मोठ्या अक्षरांत खाली टाकायची. त्यावर इंग्रजी ओळ आली की दोन्ही वाचता येत नसत, आणि चित्रावर चिकटवलेला मजकूर नंतर काढताही येत नाही. आता नाव लिहायचंच असेल तर वर, आणि शक्यतो नाहीच. वस्तूच कॅमेऱ्यासमोर धरते. थंबनेलवरही, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्रावर, अक्षरं बंद केली. फुगलेली भाकरी आणि सासूबाईंचा हात, बास.

माप वाटीत सांगा, पण काट्यावर दाखवा. आपली वाटी प्रत्येक घरात वेगळी, अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा. सासूबाई ओंजळीने पीठ घेतात. त्यांना मी तसंच घेऊ देते, मग ती ओंजळ काट्यावर ठेवते आणि आकडा दिसेपर्यंत कॅमेरा हलवत नाही. ग्रॅमचा आकडा कुठल्याही भाषेत वाचता येतो.

बोलण्यात श्वासाची जागा ठेवा. एक कृती, एक वाक्य, मग दोन सेकंद फक्त हात. जी गोष्ट मराठीत चार शब्दांत होते तिला दुसऱ्या भाषेत सात लागतात आणि जागा नसेल तर वाचणाऱ्याची दमछाक होते. शिवाय वाचताना त्याचे डोळे खाली असतात. भाकरी उलटायचा क्षण नेमका निसटतो. त्यामुळे उलटताना आम्ही दोघीही गप्प असतो.

आवाज वेगळा घ्या. सासूबाईंच्या पदराला कॉलर माईक असतो आणि परातीजवळ दुसरा फोन फक्त थापण्याचा, चुलीचा आवाज टिपतो. याचा उपयोग पुढे डबिंगला होतो.

सबटायटल लिहिताना आधी मराठी पूर्ण करा. आमच्या बाबतीत हे हातानेच करावं लागतं, कारण "पीठ हाताक चिकटूक नको" हे यंत्राला पेलत नाही. मी मालवणी बोलणं प्रमाण मराठीत लिहिते, पण एखादा शब्द मुद्दाम तसाच ठेवते. फाईल एसआरटी प्रकारची. साध्या नोटपॅडमध्ये होते, नाहीतर सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. एक तुकडा असा दिसतो:

१४
००:०१:१२,४०० --> ००:०१:१५,९००
पाणी खळखळून उकळलं की
सगळं पीठ एकदम घालायचं.

वर क्रमांक, मग सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मग मजकूर, मग एक रिकामी ओळ. प्रत्यक्ष फाईलमध्ये क्रमांक आणि वेळ इंग्रजी आकड्यांत लिहायची, आणि सेकंदांनंतर टिंब नाही, स्वल्पविराम. माझ्या पहिल्या फाईलमध्ये टिंबं होती, ती घेतलीच गेली नाही. जतन करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. तेही मी भोगलंय, एका रात्रीचं काम गेलं होतं.

एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ४० च्या आसपास अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि फार तर सात. वाक्य कुठे तोडता याला जपा. वरच्या तुकड्यात 'उकळलं की' नंतर ओळ मोडली, कारण करणारा माणूस तिथे थांबून पातेल्याकडे बघतो. 'उकळलं की सगळं' अशी मोडली असती तर तो 'सगळं काय?' म्हणून अडला असता. हिंदीत हीच ओळ "पानी खौलने लगे तो / सारा आटा एक साथ डाल दें" अशी मोडते. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी लागते. हे वाक्य मी प्रत्येक भाषेत घालते, कारण गव्हाची पोळी करणारा माणूस इथेच चुकतो आणि भाकरी चिरते.

भाषांतर शक्यतो मराठीवरून थेट करा. हिंदी, कन्नड, कोंकणी या भाषांना इंग्रजीच्या वळशाने नेण्यात काही अर्थ नाही. 'फोडणी' इंग्रजीत जाऊन परत हिंदीत येते तेव्हा ती 'तड़का' असेलच असं नाही. माझी नणंद बेळगावात असते, कन्नड रोज बोलते. ती थेट करते आणि मला विचारते, "वहिनी, इथे मऊ म्हणजे ओलं की लुसलुशीत?" असा प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. आणि त्याला पैसे द्या. पूर्वी यूट्यूबवर प्रेक्षकच आपण होऊन सबटायटल लिहून देऊ शकत. ती सोय सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली. आता हे काम कोणाकडून तरी करून घ्यायचं म्हणजे त्याचा वेळ घ्यायचा. नणंदेलाही मी प्रत्येक व्हिडिओमागे ठरलेली रक्कम देते.

यूट्यूबवर चढवताना व्हिडिओची भाषा आधी मराठी अशी नोंदवा. हे विसरलं तर पुढचं सगळं गोंधळतं. मग सबटायटल्सच्या पानावर 'भाषा जोडा' म्हणून प्रत्येक भाषेचा मथळा, वर्णन आणि सबटायटल टाकता येतात. वेळच नसेल तर निदान मथळा आणि वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी तरी करा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि माणूस तुम्हाला शोधतो तो तिथेच. मथळा १०० अक्षरांपर्यंतच घेतला जातो, म्हणून हिंदीत मी 'रागी' आणि 'मडुवा' दोन्ही बसवते आणि विशेषणं गाळते. वर्णनात आरोग्याचे दावे फार सांभाळून लिहा. 'पोटाला हलकी' याचं परभाषेत पोचेपर्यंत औषध होतं. मी ते आता लिहीतच नाही.

डबिंग सगळ्यात शेवटी. एकाच व्हिडिओला अनेक भाषांचे आवाज जोडण्याची सोय यूट्यूबने २०२३ मध्ये जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर खुली केली. त्यामुळे प्रत्येक भाषेसाठी वेगळा चॅनल काढण्याची गरज उरली नाही. काढूही नका, चार दुकानं चालवायची आणि एकाकडेही लक्ष नाही असं होतं. आवाजाची फाईल व्हिडिओच्याच लांबीची हवी आणि तिच्यात नुसतं बोलणं असून चालत नाही, बाकीचे आवाजही हवेत. थापण्याचा तो वेगळा घेतलेला आवाज इथे कामी येतो.

यंत्राच्या आवाजात आपोआप होणारं डबिंगही आहे. ते आधी स्वतः ऐका, पटलं नाही तर काढून टाकता येतं. माहितीच्या व्हिडिओला ते चालेल. आमच्याकडे मी ते ठेवलं नाही. सत्तरीतल्या बाईचा आवाज, त्यातली धाप, "गो बाय" म्हणणं, हे पुसून तिथे कोणा अनोळखी माणसाचा गुळगुळीत आवाज बसवणं मला मान्य नाही. कन्नडमध्ये नणंद बोलते आणि तिच्या आवाजाखाली सासूबाईंचा मूळ आवाज हळू चालू राहतो. लेक आईचं बोलणं समजावून सांगतेय हे ऐकणाऱ्याला कळतं.

व्हिडिओ गेल्यावर आठवडाभर परभाषेतल्या प्रश्नांना उत्तरं द्या, त्यांच्याच भाषेत, एका ओळीत का होईना. साहित्याची यादी सगळ्या भाषांत लिहून वर पिन करून ठेवा. चूक कोणी दाखवली तर सबटायटल फाईल बदला, व्हिडिओ परत चढवावा लागत नाही. त्या वहीतले निम्मे शब्द मला असेच मिळाले.

केनियातल्या त्या बाईंनी पुढे त्यांची उजी कशी करतात ते सविस्तर लिहिलं. विंबीच्या पिठाची पेजच, पण साखर आणि वरून लिंबू पिळलेली. सासूबाईंनी ती वाचून घेतली, परसातलं लिंबू आणून करून बघितली, आणि म्हणाल्या ह्याचो पण व्हिडिओ कर. तो केला. स्वाहिली सबटायटलचा खर्डा मी त्या बाईंना पाठवलाय. त्यांनी तिसऱ्याच ओळीत एक शब्द बदलून दिलाय, आणि तो आता वहीत आहे.