परसातल्या कोंबड्या: खायची अंडी वेगळी, उबवायची वेगळी

घरापुरती अंडी हवी असतील तर कोंबडा पाळायची गरज नाही. तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, वयात आली की ती कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्लू निघत नाही. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. चार माद्यांत एक तापट कोंबडा सोडला की त्यांच्या पाठीवरची पिसे उडालीच म्हणून समजा. लहान कळपात दोन कोंबडे ठेवले तर दिवसभर त्यांचीच झुंज चालते. नवा कोंबडा कळपात आल्यावर आठवडाभर थांबून मग उबवणीची अंडी धरावीत. वीर्य मादीच्या शरीरात साठून राहते, त्यामुळे कोंबडा काढून टाकल्यावरही साधारण दहा-बारा दिवस फलित अंडी मिळतात. नर बदलला आणि पिल्ले नव्याचीच हवीत, तर मध्ये तीन आठवडे सोडा.

फक्त अंड्यांसाठी तयार केलेल्या हलक्या जाती पाचव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येतात आणि भरपूर अंडी देतात, पण त्या क्वचितच खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात. गावरान कोंबडी उशिरा सुरू होते आणि कमी अंडी देते, मात्र अंड्यांवर बसावे तर तिनेच. त्यामुळे दोन्ही मिसळून पाळणे सोयीचे पडते: अंडी हलकीची, ऊब गावरानची.

खुराडे आणि खुडे

आत प्रत्येक पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट आणि बाहेर हिंडायला किमान दहा चौरस फूट जागा धरा. जमिनीवर चार इंच जाडीचा भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरा. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा राहिला तर तो ओला आहे. उकरून, कोरडा भुसा मिसळून घ्या. खाली वाकल्यावर नाकाला झोंबेल इतका अमोनियाचा वास येत असेल, तर कोंबड्या त्याच उंचीवर रात्रभर श्वास घेतात हे लक्षात ठेवा. हवा खेळण्यासाठी झरोके वरच्या बाजूला, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांपेक्षा उंच हवेत.

षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर घूस खालून बोगदा पाडते.

बसायच्या दांडीला प्रत्येकी आठ-दहा इंच जागा लागते. दांडी दोन इंच रुंद, कडा गोल केलेली असावी. अंडी घालायचे खुडे फूटभर लांब, रुंद आणि उंच, चार कोंबड्यांमागे एक. खुडे दांडीपेक्षा खाली आणि थोड्या अंधारात ठेवा. ते दांडीपेक्षा उंच असले तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि सकाळची अंडी विष्ठेत पडतात. अंडे कुठे घालायचे हे तलंगांना कळावे म्हणून खुड्यात एखादे लाकडी किंवा चिनीमातीचे खोटे अंडे ठेवा.

अंडी कमी का होतात

अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते. एका कवचातच दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते, आणि ते खाद्यातून आले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. जिला हवा ती खाईल. मका, तांदळाची कणी आणि ताटातले उरलेले एवढ्यावर ठेवलेल्या कोंबड्या चरबीने जड होतात आणि अंडी कमी देतात. दाण्याचा खुराक संध्याकाळी मूठभर, तोही पूर्ण खाद्य खाऊन झाल्यावर.

पाणी खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उन्हात अर्धा दिवस भांडे कोरडे राहिले तरी पुढचे काही दिवस अंडी घटतात. प्रकाशाचाही तसाच परिणाम होतो. चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर अंडी टिकून राहतात. दिवस लहान झाले की पहाटे दिवा लावून तास भरून काढता येतात. संध्याकाळी दिवा एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडीपर्यंत पोहोचत नाहीत.

एक अंडे तयार व्हायला साधारण २५ ते २६ तास लागतात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्ये एखादा दिवस खाडा पडतो. तो आजार नव्हे. वर्षातून एकदा पिसे झडतात तेव्हा दोन-तीन महिने अंडी थांबतात, तेही नैसर्गिक आहे. मात्र पिसे न झडता, खाद्य न बदलता अंडी अचानक बंद झाली तर रात्री दिवा घेऊन दांडीच्या फटी आणि खालची बाजू पाहा. लाल गोचिडी दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. पांढऱ्या कापडाने दांडी पुसल्यावर लाल रेघ उमटली तर दुसरा पुरावा नको.

उबवायची अंडी निवडणे

पिल्ले कमी निघाली की दोष उबवणी यंत्राला किंवा कोंबडीला दिला जातो. निम्म्या वेळा चूक त्याआधीच, अंडी गोळा करून ठेवताना झालेली असते.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, उन्हाळ्यात जास्त वेळा. मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची घ्या. फार मोठे अंडे बहुधा दोन बलकांचे असते, त्यातून पिल्लू निघणे दुर्मीळ. अंडी धुऊ नका. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो; धुतल्यावर तो निघतो आणि जंतूंना छिद्रांची वाट मोकळी होते. किरकोळ घाण बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासून काढा. विष्ठेने माखलेले अंडे उबवणीत ठेवूच नका. आत सडलेले एक अंडे फुटले तर शेजारची दहा बाद करते.

साठवताना निमुळते टोक खाली, जागा १५ ते १८ अंश सेल्सिअस आणि दमट. घरच्या फ्रिजचा थंडावा उबवणीच्या अंड्यांना जास्त होतो. सात दिवसांच्या आतली अंडी वापरावीत. त्यापुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्ले कमी निघतात, आणि जास्त दिवस ठेवायची असतील तर खोक्याची एक बाजू रोज आलटून पालटून उचलावी लागते. थंड जागेतून काढलेली अंडी थेट उबेत ठेवली की त्यांवर दव सुटते. आधी सहा-आठ तास खोलीच्या तापमानाला ठेवा.

खुडूक कोंबडीखाली

खरी खुडूक दिवसरात्र खुड्यात बसते, पिसे फुगवून कुरकुरते, हात घातला तर चोच मारते आणि तिच्या छातीखालची कातडी उघडी पडलेली असते. आधी दोन-तीन रात्री खोट्या अंड्यांवर बसवून पाहा. तिला वेगळ्या, अंधाऱ्या जागी हलवायचे तर रात्रीच. दिवसा हलवलेली कोंबडी उठून जुन्या खुड्याकडे पळते. तिच्या अंगावर उवा-गोचिडी नाहीत हे बसवण्यापूर्वीच बघून घ्या, कारण बसल्यावर ती २१ दिवस धूळस्नान जवळपास सोडते.

गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सगळी पंखांखाली झाकली गेली पाहिजेत. एक बाहेर राहिले तर ते रोज वेगळे असते आणि हळूहळू सगळीच गारठतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला, म्हणजे दुसरीने मध्ये येऊन घातलेले ओळखता येईल. ती रोज पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, विष्ठा टाकते. उठतच नसेल तर हाताने उचलून दाण्यापाशी ठेवा.

खुडूक नको असेल तर तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा. पोटाला खालून हवा लागली की खूड मोडते. पाण्यात बुडवायचा जुना उपाय क्रूर आहे आणि फारसा चालतही नाही.

यंत्रात

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५ अंश, कारण तिथे वर गरम आणि खाली थंड असे थर राहतात. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका; आत ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ठेवून पडताळा. आर्द्रतामापक तपासायला बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ दोन-चार थेंब पाण्याने ओलसर करा आणि ते मापकाबरोबर हवाबंद डब्यात आठ तास ठेवा. आकडा ७५ आला पाहिजे. फरक असेल तो लक्षात ठेवून वाचा. अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र दिवसभर रिकामे चालवा.

पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम संख्या अशासाठी की रात्रीचा लांब काळ एक दिवस या बाजूवर आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूवर जातो. अंडे फिरले नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो.

सातव्या रात्री खोली अंधारी करून अंड्याचे जाड टोक टॉर्चवर धरा. जिवंत अंड्यात गडद ठिपका दिसतो, त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या असतात, आणि थोडा वेळ नीट पाहिले तर ठिपका दचकल्यासारखा हलतो. नुसते पिवळट पारदर्शक अंडे फोल. आत लालसर कडे उमटलेले दिसले तर गर्भ धरून मेला. फोल बरीच असतील तर कोंबड्याकडे पाहा. लालसर कड्यांची बरीच असतील तर साठवणीकडे आणि तापमानाकडे.

आर्द्रता बरोबर आहे की नाही हे वजनकाटा सांगतो. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन १२ टक्क्यांच्या आसपास घटले पाहिजे; ५५ ग्रॅमचे अंडे साधारण ४८ ग्रॅमवर यावे. कमी घटले तर आर्द्रता जास्त होती, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते.

१८ व्या दिवशी फिरवणे थांबवा, आर्द्रता ६५ ते ७० टक्के करा, झरोके उघडे ठेवा आणि झाकण बंद. पहिले छिद्र पडल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. या वेळात झाकण उघडले की दमट हवा निघून जाते, पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. कवच सोलून मदत करायचा मोह टाळा: पडद्यातल्या शिरांत अजून रक्त असते आणि बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नसतो. वीज गेली तर घाबरू नका. काही तासांचा गारवा गर्भ सोसतो, ४० अंशांवरची उष्णता नाही.

२३ व्या दिवशी न फुटलेली अंडी बाहेर नेऊन फोडून पाहा. पूर्ण वाढलेले पण कवच न फोडलेले पिल्लू दिसले तर शेवटच्या तीन दिवसांची हवा आणि आर्द्रता तपासा. सगळी पिल्ले २० व्या दिवशीच निघाली तर तापमान चढे होते. २२-२३ पर्यंत रेंगाळली तर उतरते.

पहिले सहा आठवडे

पिल्ले सुकून फुलली की उबेच्या पेटीत हलवा. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निभावतात, त्यामुळे घाई नको. आधी पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून, मग खाद्य. भांड्यात गोटे टाका, नाहीतर पिल्ले बुडतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद निसरडा असतो, त्यावर पाय फाकतात. वर खडबडीत कापड किंवा भुसा घाला.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. तारेचा बल्ब पिल्लामागे साधारण दोन वॅट धरतात. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. बल्ब साखळीने टांगा आणि पडल्यास अडेल अशी दुसरी तार बांधा, भुसा पेटायला वेळ लागत नाही. दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, कडेला पळून चोची उघड्या टाकल्या तर उकडते आहे. सगळीकडे पसरलेली असली तर हात लावू नका.

खाद्य २० टक्के प्रथिनांचे. अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य पिल्लांना देऊ नये, त्यातले कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडे बिघडवते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिसे फुगवून बसलेले पिल्लू आणि रक्ताळ विष्ठा म्हणजे बहुधा कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवींचा आजार. भुसा कोरडा करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध आणा. मानमोडी आणि देवीच्या लसींचे वेळापत्रकही त्यांच्याकडूनच घ्या. पाण्यातून लस देताना क्लोरीनचे पाणी वापरले तर लस निकामी होते.

आठ आठवड्यांनी वाढीचे खाद्य, १८ आठवड्यांच्या आसपास किंवा पहिले अंडे दिसल्यावर अंड्याचे खाद्य सुरू करा. तलंगांची पहिली अंडी लहान असतात. ती खाण्यात घ्या. त्यांतून निघालेली पिल्लेही लहान आणि नाजूक होतात, तेव्हा उबवणीसाठी अंडी ५० ग्रॅमवर स्थिरावेपर्यंत थांबा.