अंदमानला निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहून ठेवा
फुटाळा तलावाचे पाणी सकाळ-संध्याकाळ एकाच पातळीला पाहणाऱ्या आपल्या नागपूरकरांच्या, अंदमानची सहल आखताना, भरती-ओहोटी सहसा ध्यानातच येत नाही. शहीद द्वीपावरील (पूर्वीचे नील) लक्ष्मणपूर किनाऱ्याची नैसर्गिक खडक-कमान ओहोटीच्या वेळीच जवळून पाहता येते. तेव्हा खडकांमधल्या उथळ डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री प्राणी), खेकडे आणि बोटाएवढे मासे दिसतात, आणि खरे तर कमानीपेक्षा तीच मौज अधिक. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने बोटीची तिकिटे त्या तारखेची वेळ पाहूनच काढावीत. खडक शेवाळाने निसरडे असतात, म्हणून साध्या चपलांऐवजी मागे पट्टा असलेले रबरी सँडल घालावेत.

अंदमान आपल्या बरेच पूर्वेला असूनही घड्याळ तेच असल्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. तेव्हा स्वराज द्वीपाच्या (पूर्वीचे हॅवलॉक) पश्चिमाभिमुख राधानगर किनाऱ्यावर साडेतीनपर्यंत पोहोचावे, त्या दिवशी वामकुक्षीला सुट्टी. शंख किंवा प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नयेत.