फुलपाखरं, मधमाश्यांसाठी बाग लावताय? मग या चुका टाळा

पहिले दोन पाऊस झाले की नाशिकमधल्या नर्सऱ्यांत गर्दी होते. ‘फुलपाखरं येतील असं काहीतरी द्या’ म्हटलं की हातात पेंटास नाहीतर शोभेची घाणेरी पडते. फुलपाखरं येतातही, पण मध पिऊन निघून जातात. अंडी घालावीत असं झाडच बागेत नसतं. दोन्ही झाडं मूळची परदेशी. त्यातली घाणेरी तर पक्ष्यांच्या विष्ठेतून डोंगरउतारांवर पसरते आणि मग हटता हटत नाही.

कढीपत्त्यावरची अळी चिरडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कढीपत्ता, लिंबू, बेल या झाडांवर कॉमन मॉर्मन आणि लाइम ही फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचा, डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ती चावत नाही, विषारीही नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेलं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

पण पानं कुरतडलेली दिसली की आपण फवारणीचा पंप शोधतो. अहो, त्यासाठीच तर बाग लावली होती! मोठं झाड दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पालवतं. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून दुसऱ्या कढीपत्त्यावर सोडा. गुलाबाच्या पानांना गोल, कंपासने कापल्यासारखे काप दिसले तर तोही रोग नाही. पानकापी माशी घरट्यासाठी ते तुकडे नेते.

द्राक्षाचं औषध घरच्या कुंडीत

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा असलेल्या नातेवाइकांकडून कीटकनाशकाची उरलेली बाटली घरी येते आणि ‘थोडंसंच’ म्हणत जास्वंदीवर पडते. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं आणि परागात, मधातही उतरतं. द्राक्षाला फळधारणेसाठी मधमाशीची फारशी गरज नसते, म्हणून बागाईतदाराला तिची उणीव जाणवत नाही. पण शेजारी कांद्याचं बी धरणाऱ्याला विचारा. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. परागीकरणाला माशी लागतेच. माव्यासाठी घरी पाण्याचा जोरदार फवारा बहुतेकदा पुरतो. निंबोळी तेल वापरायचंच तर संध्याकाळी आणि फुलं वगळून.

डबल फुलं आणि खुडलेल्या मंजिऱ्या

डबल जास्वंद दिसते भरगच्च, पण तिचे पुंकेसर बहुतांशी पाकळ्या झालेले असतात. माशीच्या वाट्याला काही उरत नाही. उलट तुळशीच्या मंजिऱ्या आपण रोप डेरेदार राहावं म्हणून लगोलग खुडतो. निदान एका कुंडीतल्या तरी राहू द्या. फुलोरी माश्यांची, म्हणजे छोट्या मधमाश्यांची, तिथे सकाळभर ये-जा असते.

सगळीकडे पेव्हर ब्लॉक

कित्येक एकांड्या, म्हणजे पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बीळ करून राहतात. अंगणाचा एखादा उन्हातला कोपरा उघडा ठेवा, तिथे लॉन नको की फरशी नको.

देशी म्हणून काहीही, कुठेही

पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, बहावा एप्रिल-मेमध्ये. पण ही मोठी झाडं, गॅलरीत किंवा भिंतीला चिकटून लावायची नव्हेत. फ्लॅटसाठी कोरांटी, गोकर्ण, अडुळसा पुष्कळ झाले. बंगल्याभोवती जागा असेल तर धायटी, निर्गुडी, तरवड. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुईही एका कडेला असू द्या, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर पोसतात. चीक डोळ्यांत जाणार नाही एवढं मात्र सांभाळा. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा.

अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीच्या डोंगरावरून रोपं, कंद उपटून आणणं तर नकोच. अंजनेरीचं नाव लावणारं सेरोपेजिया कुळातलं कंदीलपुष्प (कंदिलासारख्या फुलाची रानवनस्पती) जगात फार थोड्या ठिकाणी उगवतं. तिथे एकेक कंद मोलाचा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा किंवा रस्त्याकडेच्या तरवडाच्या वाळलेल्या शेंगा घ्या. बी कडक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवून जूनमध्ये थेट जमिनीत पेरा. तरवडाला सोटमूळ असतं, पिशवीतून हलवलेलं रोप रुसतं.