गाडीत ठेवायला चेनसॉ कोणता घ्यावा? (ट्रेलवर झाड आडवं पडलं तर)

ऑफरोडसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवर गाडी नेताना, चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) घ्यायचा म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात, किती सीसीचा घेऊ आणि बार (ज्याच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) किती इंचाचा. माझ्या मते हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. ज्याचा धंदाच लाकूड तोडायचा त्याचा सॉ रोज चालतो, आपला वर्षातून चारदा चालणार आणि बाकी सगळा वेळ गाडीत मागे आपटत, धूळ खात, उन्हात तापत पडून राहणार. म्हणून आधी हे बघा की चार महिने पडून राहिल्यावर तो दोरी ओढली की सुरू होईल का, आणि तोपर्यंत गाडीतल्या बाकी सामानाची वाट तर लावणार नाही ना.

मी पहिला सॉ घेतला तेव्हा नुसती पॉवर बघून घेतला. एका ट्रेलवर मांडीएवढं जाड खोड आडवं पडलेलं, सॉ काढला, वीसेक वेळा दोरी ओढली तरी नुसती फुरफुर, कारण टाकीत मागच्या सीझनचं पेट्रोल तसंच राहिलं होतं आणि कार्ब्युरेटर चिकट झालेला. शेवटी दोघांनी आळीपाळीने घडीच्या करवतीने कापलं, हातांना फोड आले. आणि बॉक्स उघडून बघतो तर बार ऑइल (चेन आणि बारला लागणारं वंगण) गळून रिकव्हरी स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा) तेलात भिजून चिंब झालेला. तेव्हापासून मी निवडताना आधी इंधनाचा विचार करतो.

तुमचं जाणं कधीतरी असेल आणि एका वेळी एखाद-दोन झाडंच काढायची असतील तर सरळ बॅटरीचा घ्या. पेट्रोलचा वास नाही, जुनं पेट्रोल, चोक, कार्ब्युरेटर ही भानगडच नाही, बटण दाबलं की चालू. ज्या कंपनीची ड्रिल किंवा ग्राइंडर तुमच्याकडे आहे त्याच बॅटरीवर चालणारा मिळाला तर फारच उत्तम. दोन बॅटऱ्या ठेवाच, कारण जाड लाकडात चार्ज भराभर उतरतो आणि कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी एरवीपेक्षा लवकर मान टाकते. प्रवासात बॅटरी सॉमधून काढूनच ठेवायची. आणि बॅटरीचा असला तरी बार ऑइल लागतंच, हे बरेच जण विसरतात.

वादळानंतर ट्रेल साफ करायला जाणार असाल, दिवसभर एकामागून एक झाडं असतील, तर पेट्रोलला पर्याय नाही. सीसीचं म्हणाल तर स्टिल कंपनीचा एमएस १७० साधारण ३० सीसीचा आहे, हस्कवर्ना कंपनीचा ५५० एक्सपी ५० सीसीच्या आसपास, या दोघांच्या मधलं काहीही ट्रेलसाठी पुरतं, त्याच्या वर गेलात की वजन वाढतं आणि ते वजन घेऊन उतारावर, ओल्या पाल्यात उभं राहायचं असतं हे लक्षात घ्या. खूप उंचावर जात असाल तर कार्ब्युरेटर आपोआप अ‍ॅडजस्ट करणारं मॉडेल बघा, तिथे हवा विरळ असते आणि खाली सेट केलेलं इंजिन वर गेल्यावर गुदमरतं. मिश्रण बऱ्याच सॉमध्ये ५०:१ असतं, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, तरी आपल्या सॉचं मॅन्युअल बघूनच करा. सीलबंद डब्यातलं तयार मिश्रण महाग पडतं पण वर्षानुवर्षं टिकतं, क्वचित वापरणाऱ्याने तेच घ्यावं.

बार १४ किंवा १६ इंची. १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर २४ इंची ओंडकाही निघतो, आणि आपल्याला कुठे आख्ख्या झाडाच्या फळ्या पाडायच्यात, गाडी जाईल एवढाच तुकडा कापायचा, उरलेलं विंचने (गाडीला लावलेल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) बाजूला ओढायचं. लांब बार गाडीत मावत नाही आणि त्याचं टोक नको तिथे लागतं. टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की सॉ उसळून सरळ तोंडावर येतो, म्हणून चेन ब्रेक (अशा वेळी चेन झटक्यात थांबवणारा) नीट चालतोय का ते दुकानातच करून बघा. वर हँडल असलेला छोटा सॉ दिसायला सोयीचा वाटतो पण तो झाडावर चढून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे, जमिनीवर एका हाताने चालवायचा मोह होतो, तो घेऊ नका.

चेन सेमी-चिझल (दातांचे कोपरे गोलसर असलेली) घ्या. पडलेलं खोड मातीने माखलेलं असतं, फुल-चिझल (टोकदार कोपऱ्यांची) कापते झपाझप पण माती लागली की लगेच बोथट होते. ओळखायचं कसं? धार असेल तर लाकडाचे कपचे उडतात, धार गेली की पिठासारखा भुसा पडायला लागतो आणि सॉ दाबावा लागतो. तिथेच थांबायचं आणि चेन बदलायची. म्हणून जादा चेन, पान्हा, आपल्या चेनच्या मापाची गोल कानस आणि दोन प्लॅस्टिकच्या पाचरी सॉबरोबरच एका पिशवीत ठेवायच्या. पाचर विसरलात तर बार ओंडक्यात चिमटून बसेल तेव्हा आठवण येईल. दोन्ही टोकं टेकलेल्या खोडाची वरची बाजू दाबाखाली असते, म्हणून बार चिमटू नये यासाठी वरून थोडंसंच कापून उरलेलं खालून कापायचं.

हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानाचे मफ आणि चेनसॉची संरक्षक पँट हे सॉच्याच बजेटमध्ये धरा. त्या पँटमधले धागे चेनमध्ये गुंततात आणि चेन अडकून थांबते, साध्या जीन्सचं ते काम नाही. एकटं असताना सॉ चालू करू नका, आणि कुठलंही झाड कापायच्या आधी ती जमीन कोणाची आणि परवानगी आहे का ते बघा.

गाडीत ठेवताना बारला कव्हर, खाली कडा असलेला ट्रे, सॉ पट्ट्याने आवळलेला, आणि पेट्रोल कधीच माणसं बसतात तिथे नाही. लांब पल्ल्याला निघताना ऑइलची टाकीही रिकामी करून घ्या, बार ऑइल बंद ठेवलेल्या सॉमधूनही झिरपतं.

पैसे देण्याआधी ग्लोव्हज घालून सॉ हातात घ्या, टाकीचं झाकण उघडून बघा, चेन ताणायचा स्क्रू कुठे आहे ते बघा, कारण हेच सगळं पावसात चिखलाच्या हातांनी करायचंय. आणि जमलं तर ट्रेचं माप घेऊन जा. हेल्मेट, पँट, पाचरी, ऑइल सगळं धरून मागे बसत नसेल तर एक साइज लहान सॉ घ्या.