काचेच्या पेटीतली इवली ऑर्किडं: मुंबईच्या हवेत ती कशी जगवायची

ऑर्किडचं कोरडं मूळ चांदीसारखं करडं दिसतं. त्यावर पाण्याचा एक फवारा मारा आणि बघत राहा. थोड्याच वेळात करड्याचं हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचा स्पंजासारखा थर असतो. तो पाणी पिऊन पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. काही तासांनी हे मूळ पुन्हा करडं व्हायला हवं. मुंबईत काचपेटीत ऑर्किड वाढवायचं सगळं काम मला विचाराल तर एवढंच आहे: ओलं झालेलं मूळ वेळेत सुकलं पाहिजे.

थंड देशांत लिहिलेल्या माहितीत बहुतेक भर हवेतला ओलावा कसा वाढवायचा यावर असतो. तिथे घरं हीटरने कोरडी पडतात, म्हणून पेटी घट्ट बंद ठेवायला सांगतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मग पेटी हवी कशाला? हिवाळ्यात दुपारी जमिनीवरून कोरडा वारा येतो तेव्हा हवेतला ओलावा झपाट्याने उतरतो. एसी लावलेल्या खोलीतही तेच होतं. शिवाय रस्त्याची धूळ आणि खिडकीतली कबुतरं आहेतच. बोटाच्या पेराएवढ्या रोपाला हे चढउतार सोसत नाहीत, काच ते सौम्य करते.

माझी पहिली पेटी मी वरून पूर्ण झाकली होती आणि मुळांभोवती शेवाळ ठासून भरलं होतं. गणपतीला पाच दिवस कोकणात जाऊन आलो. काच आतून पांढरी झाली होती आणि मधलं पान हात लावताच उपटून हातात आलं. बुंध्याशी काळा, चिकट गर झाला होता. तीन रोपं गेली. त्याचं वाईट मला अजून वाटतं, कारण रोपांचा दोष काहीच नव्हता.

बंद काचेत झाडं जगतात हे लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या लक्षात आलं ते १८२९ साली, झाकलेल्या बाटलीत नेचं (फर्न) उगवलेलं दिसलं तेव्हा. पुढे त्यांच्या पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आली. पण नेचं आणि चहा जमिनीत वाढतात. आपली इवली ऑर्किडं बहुतेक झाडाच्या फांदीवर बसणारी. (त्यांना बांडगूळ म्हणू नका. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ऑर्किड फांदीवर नुसतं बसायला जागा घेतं.) फांदीवर पाऊस पडतो आणि लगेच वारा लागतो. पेटीत नेमकं हेच घडवायचं आहे.

पेटी

मासे ठेवायची जुनी टाकी चालते, पण नवी करून घेणं बरं. १८ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १८ इंच उंच, ५ मिलिमीटर काचेची. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मत्स्यालयाची दुकानं आहेत, तिथे किंवा जवळच्या काचवाल्याकडे सांगा. समोरची काच सरकती हवी आणि तिच्या खाली दोन बोटं उंचीची जाळीची पट्टी बसवून घ्या. वरच्या झाकणात मागच्या बाजूला तशीच दुसरी पट्टी. खालून हवा आत येते, दिव्याने थोडी तापते, वरून निघून जाते. मी दुकानदाराला जाळीचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “दादा, मग पाणी भरणार कसं?” तेव्हा ‘मासे नाहीत, झाडं ठेवायची आहेत’ हे आधीच सांगा, नाहीतर जाळीच्या जागी काच बसून येते. काठ घासून घ्यायला विसरू नका.

आता पंखा. हा खर्च टाळू नका. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा ८ सेंटिमीटरचा छोटा पंखा, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा, आतल्या वरच्या कोपऱ्यात मागच्या भिंतीकडे तोंड करून लावा. वारा थेट रोपावर नको, भिंतीवर आपटून पसरायला हवा. शेवाळाचा सुटा धागा हळूच हलताना दिसला की वेग बरोबर आहे. पावसाळ्यात तो दिवसरात्र चालू ठेवा. हिवाळ्यात तासाला पंधरा मिनिटं पुरतात, त्यासाठी साधा टायमर लावा.

तळाशी दोन इंच भाजक्या मातीचे गोळे, त्यावर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर लाकडी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे. तळाचं पाणी जाळीला टेकता कामा नये. जास्त झालं तर नळीने ओढून काढा.

उजेड

खिडकीतल्या थेट उन्हात पेटी ठेवलीत तर एका दुपारीत रोपं शिजतील. बंद काचेत ऊन शिरलं की उष्णता कोंडते. पेटी सावलीत ठेवा आणि वर ६५०० केल्विनचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), साधारण २० वॅटचा एलईडी लावा, १० ते १२ तास. दिवा काचेच्या बाहेर, वरच्या बाजूला असू द्या. पानं गडद हिरवी आणि लांबट होत असतील तर उजेड कमी आहे. पिवळट किंवा लालसर झाली तर जास्त. एप्रिल-मेमध्ये मी दिवा पहाटे ५ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ११ असा लावतो. ऐन दुपारी पेटी आणखी तापत नाही.

कोणती रोपं

इथे हौसेला आवर घाला. मस्देवालिया, ड्रॅक्युला, लेपँथिस यांचे फोटो पाहून जीव जातो, पण त्यातली बहुतेक अँडीजच्या ढगाळ, थंड जंगलातली आहेत. त्यांना रात्री दहा-पंधरा अंशांचा गारवा लागतो. मुंबईच्या मे महिन्यातली रात्र त्यांना सोसत नाही.

आपल्या हवेला मानवतात ती उबदार प्रदेशातली. शोनॉर्किस फ्रॅग्रन्स जाडसर पानांची, अंगठ्याएवढी, फुलं काही मिलिमीटरची आणि सुवासिक. फॅलेनॉप्सिस पॅरिशी आणि फॅलेनॉप्सिस लोबी ही दोघं ईशान्य भारत आणि म्यानमारकडची. कोरड्या दिवसांत त्यांची पानं गळू शकतात. घाबरून फेकू नका, चपटी हिरवी मुळं जिवंत असली तर पानं परत येतात. तैवानचं हाराएला माझं सगळ्यात आवडतं. पिवळ्या फुलावर गडद तपकिरी डाग असतो आणि लांबून बघितलं तर छोटी माशी बसल्यासारखी वाटते. तळाच्या सावलीसाठी लुडिसिया, तिची मखमली पानं आणि तांबड्या रेघाच इतक्या देखण्या की फुलाची वाट बघावी लागत नाही. ती मात्र जमिनीवरची, तिला पालापाचोळ्याचं भुसभुशीत मिश्रण द्या.

सुरुवात तीन रोपांनी करा. रोपं प्रयोगशाळेत वाढवलेली आहेत का, हे नर्सरीत विचारून घ्या. सह्याद्रीतून किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून आमरी (रानातली ऑर्किडं) उचलून आणू नका. उद्यानातून झाड काढणं गुन्हा आहे. शिवाय आपल्या डोंगरातली अनेक छोटी ऑर्किडं पावसाळाभर वाढतात आणि पुढे पानं टाकून नुसत्या कंदांवर उन्हाळा काढतात. बारमाही ओल्या पेटीत ती कुजतात.

रोप बांधणं

कॉर्कची साल मिळाली तर उत्तम. नाहीतर आंब्याची वाळलेली, साल न निघालेली जाड फांदी किंवा नारळाचं सोडण. सोडण तीन दिवस भिजत घाला, रोज पाणी बदला, तपकिरी रंग उतरू द्या. ओल्या हवेत ते दीड-दोन वर्षांत मऊ पडतं, तेव्हा बदलायची तयारी ठेवा.

रोप पाण्यात भिजवून काढा, जुनं शेवाळ बोटांनी सोडवा. मऊ, पोकळ मुळं कापा. ब्लेड आधी गॅसच्या ज्योतीवर धरून गार करून घ्या. कापलेल्या जागी दालचिनीची चिमूटभर पूड लावा, पण चांगल्या मुळांवर पडू देऊ नका, ती त्यांना सुकवते. मग मुळं सालीवर पसरा, वर शेवाळाची अगदी पातळ एक चिमूट आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने तीन-चार वेढे. बुंधा शेवाळात बुडता कामा नये. रोप हलत नाही ना ते बघा, हलत्या रोपाची नवी मुळं घासून मरतात. साल जरा तिरकी लावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साठणार नाही.

पाणी आणि खत

सकाळी फवारा, संध्याकाळी नाही. पानं रात्रीपर्यंत कोरडी व्हायला हवीत. काचेवर सकाळी थोडं धुकं असेल आणि दहा वाजेपर्यंत विरून जात असेल तर सगळं ठीक चाललंय. दिवसभर धुकं राहिलं तर पाणी थांबवा आणि समोरची काच दोन बोटं उघडा. जुलैमध्ये मी कधीकधी तीन-तीन दिवस फवारा मारत नाही. जानेवारीत रोज लागतो. ओलावा मोजायचं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. ६५ ते ८० टक्के हा आकडा धरून चला.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरू नका, क्षार पानांवर पांढरे बसतात आणि मुळांची टोकं जळतात. फिल्टरचं आरओ पाणी चालतं. पावसाचं सगळ्यात चांगलं, पण पहिल्या काही सरी जाऊ द्या, हवेतली आणि छपरावरची घाण धुऊन निघते.

खत म्हणजे आपलं नेहमीचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं), लिटरला पाव ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. त्या आधी साध्या पाण्याने मुळं ओली करा. वाढ थांबलेली असेल तर खत नकोच.

एसीच्या खोलीत पेटी असेल तर झोत तिच्यावर येऊ देऊ नका. मात्र रात्री खोली चार-पाच अंशांनी उतरते, याचा फायदा होतो. माझी पेटी बैठकीतून झोपायच्या खोलीत हलवली, त्या वर्षी हाराएलाला पहिली कळी आली.

कीड

गोगलगायी शेवाळातून येतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि रात्री मुळांची हिरवी टोकं खातात. सोसायटीच्या भिंतीवरचं शेवाळ आणलंत तर आधी रात्रभर पाण्यात बुडवून, मग आठवडाभर वेगळ्या डब्यात ठेवा. तरी आल्याच तर झोपायच्या आधी काकडीची चकती ठेवा आणि पहाटे टॉर्च घेऊन चकतीसकट उचला. पिठ्या ढेकूण दिसला तर कानातल्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून टिपून घ्या.

गावाला जाताना

निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बंद. समोरची काच दोन बोटं उघडी, पंखा चालू, दिवा टायमरवर ८ तास. शेजारी चावी असेल तर काकूंना फवारा मारायला सांगू नका, फक्त पंखा फिरतोय का तेवढं बघायला सांगा. पाच-सात दिवस कोरडं राहिलेलं रोप सुरकुततं आणि दोन फवाऱ्यांत सावरतं. परत आल्यावर आधी मुळं बघा. करडी असतील तर पाणी द्या. हिरवी असतील तर उद्या.